वजन उतरले, पण कशाचे?

आमच्या महाविद्यालयाची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. गेली अठरा वर्षे मी तेथे दिवसातून दोन-तीनदा चढून जातो आणि त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मात्र दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून उभे राहण्याची पाळी आली. गंमत अशी की, त्या दिवशी माझे वजन महिन्यापूर्वीच्या वजनापेक्षा साडेसात किलोने कमी होते. वस्तुमान कमी झाले की ते वर नेण्यास लागणारे कार्यही कमी होते, हे मीच वर्गात शिकवतो. मग हलका झालेला माणूस जिन्यात का अडला? घोडे पेंड खात होते ते नेमके कोठे?

आधी थोडी हकीकत सांगतो. जुलैमध्ये डॉक्टरांनी मला काट्यावर उभे केले. उंची १७० सेंटिमीटर, वय ४५, वजन ८२ किलो. रक्तातील साखर सीमारेषेवर आलेली. "आठदहा किलो उतरवा," एवढेच ते म्हणाले. कसे उतरवायचे ते मी विचारले नाही, कारण त्यात विचारण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एकभुक्त राहू लागलो. दुपारी एकदा जेवण आणि दिवसभर चहा. महिन्याने काट्याने ७४.५ दाखवले. शिक्षककक्षात कौतुक झाले. मग तो जिना आला. दिवाळीनंतर माझा निग्रह सुटला आणि डिसेंबरअखेर काटा पुन्हा ८२ वर जाऊन बसला. वजन तेवढेच, पण कमरेचा पट्टा पूर्वीपेक्षा एक भोक पुढे लावावा लागत होता. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. वजन तेच आणि आकारमान अधिक, म्हणजे घनता कमी. चरबी स्नायूपेक्षा हलकी असते. गेले ते एक आणि परत आले ते दुसरे, असा काहीतरी व्यवहार झाला होता.

हा व्यवहार आकड्यांत मांडता येतो का, ते पाहू.

शरीराला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागू आहे, हे आज आपल्याला उघड वाटते. पण ते कोणीतरी मोजून दाखवावे लागले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले आणि त्याच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला, ते त्यांनी मोजले. कोळसा जाळून तेवढाच वायू मिळवला तर उष्णता जवळजवळ तेवढीच निघते, असे दिसले. श्वसन हे एक मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस आत राहू शकेल असा उष्णतामापक कक्षच बांधला. त्यात माणसे अनेक दिवस राहत, जेवत, झोपत, सायकल चालवत. आत जाणाऱ्या अन्नाची ऊर्जा आणि बाहेर पडणारी ऊर्जा यांचा हिशेब फारच थोड्या फरकाने जुळला. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांच्या दर ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅमला ९ उष्मांक, हे आपण पाठ करतो ते आकडे ॲटवॉटर यांच्या कामातूनच आले आहेत.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आहारशास्त्रातील उष्मांक म्हणजे किलोकॅलरी, एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता. ती ४,१८४ ज्यूलइतकी असते. ज्यूल आणि उष्मांक यांच्यातला हा गुणक लक्षात ठेवा. तो पुढे लागेल.

माणूस स्वस्थ पडून राहिला तरी हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज वजन, उंची आणि वय यांवरून बांधता येतो. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली असे सूत्र प्रसिद्ध केले. १९९० मध्ये मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९८ स्त्रीपुरुषांवरील मोजणीतून अधिक सुटसुटीत सूत्र दिले. किलोग्रॅममधील वजनाला १० ने गुणा. त्यात सेंटिमीटरमधील उंचीची ६.२५ पट मिळवा. त्यातून वयाच्या वर्षांची ५ पट वजा करा. पुरुष असल्यास ५ मिळवा, स्त्री असल्यास १६१ वजा करा. माझ्यासाठी हा हिशेब असा होतो :

८२० + १,०६२.५ − २२५ + ५ = १,६६२.५ उष्मांक, दर दिवशी.

याला ४,१८४ ने गुणून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की सुमारे ८० वॅट येतात. म्हणजे तुमचे सर खुर्चीवर डोळे मिटून बसले असता एका जुन्या पद्धतीच्या दिव्याइतकी ऊर्जा खर्च करीत असतात. वर्गातल्या साठ जणांची बेरीज केली की पावसाळ्यात खिडक्या लावल्यावर वर्ग का उबतो, तेही समजेल.

या आकड्यात हालचालीचा खर्च मिळवायचा. त्यासाठी त्याला एका गुणकाने गुणतात. बैठे काम करणाऱ्यासाठी तो १.४ ते १.७ च्या दरम्यान, तर दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यासाठी २ किंवा त्याहून अधिक असतो. माझे तीन-चार तास उभ्याने जातात, बाकीचे खुर्चीवर. म्हणून मी १.५ धरला. १,६६२.५ च्या दीडपट म्हणजे सुमारे २,५०० उष्मांक.

हा गुणक निवडताना बहुतेक माणसे स्वतःची भलावण करतात. मीही प्रथम १.७ धरला होता, कारण तो जिना! पण जिन्याचा हिशेब करा. वस्तुमान ८२ किलो, उंची १० मीटर, गुरुत्वत्वरण ९.८, कार्य सुमारे ८,००० ज्यूल, म्हणजे दोनही उष्मांक नाहीत. स्नायूंची कार्यक्षमता साधारण पाव धरली, तरी खर्च आठ उष्मांकांचा. दोन चमचे साखरेच्या एका कप चहात नुसत्या साखरेचे चाळीस उष्मांक असतात. ते फेडायला तिसरा मजला पाच वेळा चढावा लागेल. तेव्हा जिन्याला अवास्तव श्रेय देऊ नये. शिवाय ही सूत्रे अमेरिकेतील माणसांवरून काढलेली आहेत, आणि भारतीयांच्या बाबतीत अशी परदेशी सूत्रे थोडा जास्त आकडा देतात असे आढळले आहे. आलेला आकडा म्हणजे प्रयोगाची सुरुवात, निकाल नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काटा वस्तुमान मोजतो, ऊर्जा नाही. आणि आपला सारा हिशेब तर ऊर्जेचा आहे. शरीरातील एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ८६० ग्रॅम शुद्ध स्निग्ध पदार्थ असतो, बाकी पाणी आणि पेशींचा इतर भाग. ९ ने गुणले की साधारण ७,७०० उष्मांक. उलट, एक किलो स्नायूत तीन-चतुर्थांश पाणीच असते. प्रथिने जेमतेम २०० ग्रॅम. ४ ने गुणले की ८०० उष्मांक. दोन्ही किलोच, पण एकात ७,७०० आणि दुसऱ्यात ८००!

याचा अर्थ नीट पाहा. समजा शरीराला ७,७०० उष्मांक कमी पडले. ते सगळे चरबीतून भरले तर काटा एक किलोने उतरेल. ते सगळे स्नायूतून भरावे लागले तर (प्रत्यक्षात असे होत नाही, पण कल्पना करा) काटा साडेनऊ किलोंहून अधिक उतरेल आणि घरातले टाळ्या वाजवतील. काटा झपाट्याने उतरतो आहे याचा आनंद मानावा की काळजी करावी, हे त्या किलोंत काय आहे यावर ठरते.

दहावीच्या विद्यार्थ्यांना दोन चलांतील रेषीय समीकरणे असतात. त्यांनी आता कागद-पेन्सिल घ्यावी. माझ्या एकभुक्त महिन्यात मी दिवसाला सुमारे १,२०० उष्मांक खात होतो. २,५०० ची गरज उपासाने काहीशी घटते (ती का, ते पुढे येईलच). म्हणून रोजची तूट १,३०० ऐवजी सरासरी १,२०० धरू. ३० दिवसांची तूट ३६,०००. वजन घटले ७.५ किलो. त्यातील पहिले दीड किलो बाजूला काढू. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने पिष्टाचा थोडा साठा असतो आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. तो साठा ३७५ ग्रॅमने घटला असे धरले तर पाण्यासह १.५ किलो गेले आणि त्यातून १,५०० उष्मांक मिळाले. कोणत्याही उपासाच्या पहिल्या आठवड्यात काटा धावतो तो यामुळे, आणि जेवण सुरू होताच हे पाणी परत येते. उरले ६ किलो आणि ३४,५०० उष्मांक. चरबी क्ष किलो आणि स्नायू य किलो गेले असे मानू :

क्ष + य = ६
७,७०० क्ष + ८०० य = ३४,५००

सोडवल्यास क्ष = ४.३ आणि य = १.७ येतात. चरबी सव्वाचार किलोच्या वर गेली हे ठीक. पण तिच्याबरोबर पावणेदोन किलोंच्या आसपास स्नायूही गेले होते. काटेकोर बोलायचे तर या 'य'मध्ये सगळा भाग हातापायांच्या स्नायूंचाच असेल असे नाही, इतर अवयवांचाही थोडा असेल. माझ्या तुटीच्या अंदाजात दहा टक्के चूक असली तर उत्तर अर्धा किलो इकडेतिकडे सरकेल. तरीही ते शून्यावर येत नाही. जिन्यातल्या कठड्याचे उत्तर मला मिळाले.

उपासात गरज घटते, असे वर म्हटले. याचा सर्वांत मोठा पुरावा १९४४-४५ मधला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण तत्त्व म्हणून शस्त्र हाती न घेणारे होते आणि युद्धाने उपासमारीत लोटलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊपिऊ घालावे, हे कळावे म्हणून स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० उष्मांक मिळाले. जेवण बटाटे, सलगम, पाव अशा धाटणीचे, प्रथिने थोडी. आणि दर आठवड्याला २२ मैल चालणे. त्यांचे वजन जवळजवळ पावपट घटले आणि विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. शरीर लहान झाले म्हणून खर्च घटला हे तर खरेच, पण त्याखेरीज शरीराने हात आखडता घेतला होता. त्यांना थंडी वाजे, चिडचिड होई, मनात सतत अन्नाचाच विषय. सूत्रातला आकडा दगडावरची रेघ नाही. आपण तूट वाढवली की समोरची बाजूही आपली चाल बदलते.

मग करायचे काय? तूट ठेवायची, पण गरजेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मी जानेवारीपासून २,५०० ऐवजी २,००० ठेवले. पाचशेची तूट म्हणजे आठवड्याला ३,५००, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम चरबी. ऐकायला फारच थोडे वाटते. पण स्नायू राखायचे असतील तर उतावळेपणा चालत नाही.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. स्नायूंतील प्रथिने सारखी मोडत आणि नव्याने घडत असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आहारात तूट असताना मात्र हा आकडा वाढवावा लागतो; १.२ ते १.६ ग्रॅम धरतात. आणि तिसरी गोष्ट, स्नायूंना काम. हातपाय जड ओझ्याविरुद्ध राबत असतील तर मोडलेले पुन्हा बांधण्याचा संदेश स्नायूंना मिळत राहतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक दिले आणि कसून व्यायाम करायला लावला. दर किलोला १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन जवळपास होते तेवढेच राहिले आणि चरबी साडेतीन किलो गेली. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांचे ते १.२ किलोने वाढले आणि चरबी ४.८ किलो गेली. माझ्या एकभुक्त महिन्यात प्रथिनेही नव्हती आणि व्यायामही नव्हता.

एक गैरसमज येथेच दूर करतो. 'स्नायू म्हणजे चरबी जाळणारी भट्टी' असे जाहिरातींत वाचायला मिळते. विश्रांत स्थितीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ उष्मांक खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. ही काही भट्टी नव्हे. स्नायू राखायचे ते जिना चढण्यासाठी, पिशवी उचलण्यासाठी, म्हातारपणी पडू नये म्हणून. आणि जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याची मोठी जागा तीच आहे म्हणून.

आमच्या घरी हा हिशेब ताटात कसा उतरला, तेही सांगतो, कारण शंभर ग्रॅम प्रथिने म्हणजे परदेशी डबा आणावा लागतो अशी समजूत आहे. ज्वारीचे पीठ दिवसभरात २०० ग्रॅम, त्यातून २० ग्रॅम प्रथिने. तूरडाळ किंवा मूगडाळ ८० ग्रॅम, त्यातून १८. मोड आलेल्या मटकी-हरभऱ्याचे (कोरडे वजन ५० ग्रॅम) ११. दूध-दही मिळून अर्धा लिटर, १६. तीन अंडी, १८. मूठभर शेंगदाणे, ६. आणि भाजीत वीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, १०. बेरीज ९९ ग्रॅम. दोन चमचे तेल आणि पालेभाज्या धरून उष्मांक दोन हजारांच्या थोडेसे वर. अंडी न खाणाऱ्याने सोयाबीन आणि दही वाढवावे. साखर गेली, तिची आठवण अजून येते. सुरुवातीचे पंधरा दिवस मी सारे तोलून घेत होतो. "अहो, हे घर आहे, प्रयोगशाळा नाही," असे पत्नीने ऐकवले. पण तोलल्यावरच कळले की ज्याला मी 'चमचाभर तेल' म्हणत होतो ते प्रत्यक्षात तीन चमचे होते. व्यायाम म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि भरलेल्या दोन कळशा घेऊन अंगणात फेऱ्या. दर आठवड्याला थोडे वाढवत गेलो.

मोजमापाबद्दल भौतिकीच्या शिक्षकाने दोन शब्द बोलायलाच हवेत. या वेगाने दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम चरबी जाते. आदल्या रात्रीचे लोणचे, प्यालेले पाणी, पोट साफ होणे न होणे यांमुळे काटा मात्र एकेका किलोने वरखाली होतो. साठ ग्रॅमचा बदल एका किलोच्या गोंधळात रोज शोधणे म्हणजे गिरणीत उभे राहून घड्याळाची टिकटिक ऐकणे. म्हणून सकाळी एकाच वेळी वजन करून सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासऱ्यांचा आलेख काढायचा. बरोबर कमरेचा घेर टेपने मोजायचा. तीन आठवड्यांत आलेखाचा उतार अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर सूत्राशी भांडू नये. शे-दीडशे उष्मांक कमी करावेत. उतार फार तीव्र असेल तर तेवढेच वाढवावेत.

विद्यार्थीमित्रांनो, हा लेख लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. ऑगस्टमध्ये अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या तुकडीतील दोन मुले डबा न खाता परत नेत असल्याचे लक्षात आले. विचारले तर म्हणाली, "सर, आम्ही पण तुमच्यासारखेच करतोय." त्यातला एक मुळात जाड नव्हताच, कोणीतरी चिडवले होते म्हणून त्याने हे धरले होते. दुसऱ्याला सकाळच्या तासाला घेरी आली होती. मी शरमलो. वर दिलेले सूत्र प्रौढांवर मोजून काढलेले आहे. तुमच्या वयात हाडे आणि स्नायू वाढत असतात आणि त्या बांधकामाचा खर्च सूत्रात धरलेलाच नाही. अठरा वर्षांखालील कोणीही यावरून स्वतःची तूट काढू नये. वजन खरोखर अधिक असेल तर डॉक्टरांकडे जावे, मैदानावर जावे आणि पोटभर डाळ-भाकरी खावी; अनेकदा उंची वाढते आणि वजन तिच्या मापात येते. आईवडिलांपैकी कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे चालू असतील तर जेवण कमी करण्यापूर्वीही. त्या दोघांना मी वरची समीकरणे सोडवायला दिली. दुसऱ्या दिवशी डबे रिकामे होते.

तुमच्यासाठीही एक उदाहरण. पाण्याच्या चढउताराचा पहिला आठवडा वगळून पुढच्या बारा आठवड्यांत माझी रोजची तूट सरासरी ४०० उष्मांक होती आणि वजन ४.५ किलोने उतरले. क्ष आणि य काढा. मग तुटीच्या अंदाजात दहा टक्के चूक असेल तर य किती बदलेल तेही काढा, आणि जिन्यातल्या महिन्याच्या उत्तराशी दोन्ही ताडून पाहा.